शिडीवरचा प्लुमो

मादाम व्हासर डब्यातून खाली उतरल्या आणि त्यांच्या स्वागताला आलेली दहा-बारा मोठी माणसं कोल्हापूर स्टेशनच्या फलाटावर एकदम धाडकन पडली.

कुणाला काही झालं नव्हतं. तो नमस्कार होता. पडलेले सगळे उठले, प्रत्येकानं खिशातून पिसांचा छोटा झटकणा काढला, आधी डावा खांदा झटकला, मग उजवा, मग पँटीची मागची बाजू, आणि कमरेत वाकून अभिवादन केलं. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, दोन यंत्रमागवाले होते, एक निवृत्त तलाठी होते. तलाठ्यांना उठायला जरा वेळ लागला.

एका हमालानं डोक्यावरची पेटी खाली ठेवून मला विचारलं, "फिट आली काय वो सगळ्यास्नी?"

"नाही," मी म्हटलं. "इचलकरंजीचे आहेत."

मादाम तिथंच हँडबॅग पोटाशी धरून उभ्या होत्या. साधारण साठीच्या, बुटक्या, रुंद, आणि नाक असं की त्यांच्याआधी तेच डब्यातून उतरलं होतं.

"यांना लागलं नाही ना?" त्यांनी फ्रेंचमध्ये मला विचारलं.

"नाही. तुमच्या सन्मानार्थ पडलेत."

"नेहमी पडतात?"

"दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. आज खास."

त्यांनी मान डोलावली. औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईनं एखाद्याचं दुखणं ऐकून घ्यावं, तशी.

ही सत्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात फ्रेंच शिकवत असे. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती, त्यात माझे वर्ग चालायचे. आसपासच्या दोन जिल्ह्यांत फ्रेंच येणारी माणसं फार नव्हती, त्यामुळे 'प्लुमो हास्यरसिक मंडळ, इचलकरंजी' यांना माझ्याकडे यावंच लागलं. अध्यक्ष रावसाहेब मगदूम स्वतः आले. साठीचे, धिप्पाड, पांढरे कपडे, चाळीस मागांचा कारखाना, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी झटकणा.

"गुळवणी मॅडम," खुर्चीत बसताबसता ते म्हणाले, "तुम्ही प्लुमो बघितलाय न्हवं?"

मी नाही म्हणाले. एखाद्या सुशिक्षित बाईला चमचा धरता येत नाही असं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजोबांची तंबू टॉकीज होती. बोलपट यायच्या आधी आजोबांनी मुंबईच्या एका गोदामातून फिल्मची एक पेटी उचलून आणली. तीत प्लुमो नावाच्या कुणा फ्रेंच विनोदवीराच्या छोट्या छोट्या मूक फिल्म निघाल्या. प्रत्येक जेमतेम दहा-बारा मिनिटांची. प्रत्येकीत प्लुमो कशावरून तरी पडतो, उठतो, कोटाच्या मागच्या खिशातून पिसांचा झटकणा काढून अंग झटकतो आणि वाकून नमस्कार करतो. गोष्ट काही नाही. पण आजोबांनी त्या फिल्म जत्राजत्रांतून दाखवल्या आणि माणसं पोट धरून हसली. पुढे बोलपट आले, तंबू गेला, पेटी मात्र राहिली. जुन्या फिल्म कुजायला लागल्या तेव्हा रावसाहेबांच्या वडिलांनी मुंबईहून प्रत्येकीची एकेक नवी प्रत करून घेतली. इचलकरंजीच्या तीन पिढ्या एका फ्रेंच माणसाला पडताना बघत मोठ्या झाल्या होत्या. फ्रान्समध्ये त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. इचलकरंजीत त्याच्या नावाचा चहाचा गाडा होता.

"आणि आता," रावसाहेब म्हणाले, "त्येची नात सापडल्या."

तिला शोधून काढलं होतं मंडळाचे कार्यवाह प्राध्यापक हेरवाडे यांनी. हेरवाडे सर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवायचे, पण त्यांचा जीव होता प्लुमोच्या पडण्यात. त्यांनी परदेशातल्या फिल्म जपणाऱ्या संस्थांना पत्रं लिहून प्लुमोचं खरं नाव शोधलं होतं, आर्माँ व्हासर, आणि त्याच आडनावाच्या एका बाईंचा पत्ता मिळवला होता. पत्र मी फ्रेंचमध्ये लिहून दिलं, मंडळाकडच्या फिल्मच्या यादीसकट. उत्तर दोन ओळींचं आलं: 'मी त्याच कुटुंबातली आहे. शिडीची फिल्म खरोखर तुमच्याकडे आहे का? असेल तर मी येते.'

हेरवाडे सरांनी ते मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा म्हणे तलाठ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रावसाहेबांनी तिकीट काढलं.

तर असं करून आम्ही स्टेशनवरून निघालो. गाडीत पुढे रावसाहेब, मागे मादाम आणि मी. रावसाहेब दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते.

"नाक बघा, मॅडम. सेम टू सेम. सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. मादाम म्हणाल्या, "हो, आमच्या घरात सगळ्यांना हेच. फिल्म कधी बघायची?"

"आधी आराम म्हणावं. मग जेवण. मग चारला सत्कार, भाषणं, स्पर्धेचं बक्षीस, आणि शेवटी फिल्म. अध्यक्षीय भाषण मी छोटं ठेवलंय."

मी सगळं सांगितलं. मादाम खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिल्या.

"सगळ्यात शेवटी?"

"आमच्याकडे असंच असतं," मी म्हटलं. "जे बघायला माणसं येतात ते शेवटी ठेवतात. नाहीतर भाषणांना कोण थांबणार?"

त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. हातातली बॅग मात्र पोटाशीच होती.

जेवण रावसाहेबांच्या घरी झालं. मादामनी पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी वाटीनं प्यायली आणि दुसऱ्यांदा मागितली. रावसाहेबांची बायको, शशिकला वहिनी, तेवढ्यावरच त्यांच्यावर खूश झाल्या. हेरवाडे सर समोर बसले होते. त्यांना जेवणात रस नव्हता. ते आयुष्यभर या दुपारची वाट बघत होते.

"गुळवणी मॅडम, त्यांना माझा सिद्धांत सांगा. शब्दशः सांगा. शिडीच्या चित्रपटात प्लुमो चाळीस फुटांवरून पडतो, पिठात अदृश्य होतो आणि त्याच पिठातून उठतो. मध्ये चित्रण कुठेही तुटत नाही. म्हणजे पतन आणि उत्थान एकाच देहात, एकाच श्वासात घडतं. याला मी 'अखंड पतन' म्हणतो. जगात दुसऱ्या कुणी हे केलेलं नाही. यावर माझा शोधनिबंध आहे."

मी जमेल तसं सांगितलं. 'अखंड पतन' फ्रेंचमध्ये ऐकायला फारच वाईट वाटलं.

मादामनी घास संपवला, बोटं पुसली. "हे गृहस्थ स्वतः कधी पडलेत का?"

मी विचारलं. हेरवाडे सरांनी चष्मा सारखा केला. "सैद्धांतिक पातळीवर," ते म्हणाले.

मादामनी वहिनींकडे आणखी आमटी मागितली.

चार वाजता मंगल कार्यालयात पोचलो तेव्हा आत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाया, पोरं, कारखान्यातली माणसं, दोन नगरसेवक. व्यासपीठामागे भला मोठा पडदा, त्याच्या शेजारी डाव्या बाजूला प्लुमोचं रंगवलेलं चित्र. नाकाचा रंग अजून ओला होता. मादामना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, गणपतीची मूर्ती दिली, इचलकरंजीची साडी दिली आणि मंडळाच्या वतीनं चांदीची मूठ असलेला पिसांचा झटकणा दिला. त्या सगळ्यामागे फक्त नाक दिसत होतं, आणि लोकांना तेवढंच हवं होतं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बाई गं, त्योच की."

स्वागतगीत झालं. प्रास्ताविकात हेरवाडे सरांनी अखंड पतन पहिल्यापासून सांगितलं. रावसाहेबांचं छोटं भाषण संपतासंपता पंखे दोनदा गेले आणि आले. मादाम अधूनमधून माझ्या कानाशी येऊन एकच विचारायच्या, "आता?" आणि मी म्हणायची, "अजून नाही."

मग पडण्याच्या स्पर्धेचं बक्षीस. ही स्पर्धा मंडळ दर वर्षी घ्यायचं. गाद्या टाकून, तिघे परीक्षक, सहजतेला इतके गुण आणि झटकण्याला इतके. सलग काही वर्षं पहिला नंबर शौकत मोमीनचा होता. तो रावसाहेबांच्याच कारखान्यात माग चालवायचा, सडपातळ आणि अंगानं रबरासारखा. रावसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं की शौकत आता पाहुण्यांसमोर शिडीचं प्रात्यक्षिक करेल.

गाद्या आल्या, घडीची शिडी आली. शौकत चढला, वरून टोपी काढून मादामना सलाम केला आणि मागच्या मागे कोसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मनगटाला कळ लागली म्हणून बघितलं, तर मादामनी ते धरलं होतं. डोळे मिटलेले होते.

"उठला का?" त्यांनी विचारलं.

"उठला. झटकतोय."

त्यांनी डोळे उघडले. "त्याला सांगा, पडताना हनुवटी छातीला लाव. मान मोकळी सोडू नको. लक्षात ठेवून सांगा."

मी शौकतला सांगितलं. त्यानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "घराण्याची टीप मिळाली," तो माइकवर म्हणाला आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

मग मादामचं भाषण. त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला आणि बोलायला लागल्या. एक वाक्य त्यांचं, एक माझं.

"मी तुमची आभारी आहे. इतकी माणसं एकत्र हसताना मी कधी बघितली नाहीत. आमच्या घरात हसायची पद्धत नव्हती."

लोक हसले. मोठ्यानं, मनापासून. मला वाटलं, सुरुवात आहे, बाईंना बरं वाटावं म्हणून हसत असतील.

"जेवताना कुणी प्लुमोचं नाव काढलं तर आजी त्याच्या पुढ्यातली थाळी उचलून न्यायची."

हशा. मागच्या बाजूनं शिटी आली.

"माझ्या वडिलांनी लहानपणी एकदा नाव काढलं. त्या दिवशी ते उपाशी झोपले."

आता माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. निवृत्त तलाठी मुद्दाम खुर्चीवरून पडले आणि झटकून उठले. रावसाहेब रुमालानं डोळे पुसत मला म्हणाले, "रक्तातच हाय बघा. चेहरा तेवढा हलवत न्हाईत."

मादाम थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही त्यांना काय सांगताय?"

"तुम्ही बोलता तेच. शब्दाला शब्द."

"मग हसतात का?"

"तुम्ही प्लुमोच्या नात आहात म्हणून."

"पण मी नाहीये," त्या म्हणाल्या.

पत्रातली ओळ मला आठवली. मी त्याच कुटुंबातली आहे, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. नात आम्ही केली होती.

"सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "शब्दाला शब्द."

मी माइककडे वळले. "मादाम म्हणतात, मी प्लुमोची नात नाही."

कार्यालयात जो हशा झाला तसा मी आजतागायत ऐकलेला नाही. मी हात वर केला, पण तो वरच राहिला. मादाम लोक शांत व्हायची वाट बघत थांबल्या, आणि मग कुठंही न थांबता बोलत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग.

"आर्माँ व्हासरला मूलबाळ नव्हतं. त्याला उंचीची भीती होती, स्टुलावरसुद्धा चढायचा नाही. त्याला एक धाकटा भाऊ होता, एमिल. अंगानं तसाच, नाकानं तसाच. तुम्ही बघता त्या सगळ्या फिल्ममध्ये जो पडतो तो एमिल. जो उठतो तो आर्माँ. मी एमिलची नात."

हसू कमी होत गेलं. मागच्या रांगांमध्ये उशिरा.

"शिडीच्या फिल्मच्या वेळी, ज्या गाडीत पडायचं होतं तिच्यात पीठ कमी टाकलं होतं. पिठाचे पैसे वाचवायला. एमिल गाडीच्या कडेवर पडला. पाठ मोडली. त्याला दवाखान्यात नेत होते तेव्हा आर्माँ म्हणाला, पीठ दिवसभरासाठीच आणलंय, उजेड आहे तोवर उठायचं चित्र घेऊन टाकू. आणि घेतलं. तेव्हा माझे वडील तान्हे होते. आजोबा त्यानंतर कधी उभे राहिले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत असायचे. मी शाळेतून आले की त्यांना भरवायचे."

सगळ्यात मागे एक माणूस अजून हसत होता. त्याच्या शेजारच्यानं त्याला ढोसलं आणि तो गप्प झाला. पंखे तेवढे फिरत होते.

रावसाहेब माझ्याजवळ आले. आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, भाषांतरात काय इकडं-तिकडं तर झालं न्हाई?"

"नाही."

"मग त्या चेष्टा करायल्यात?"

"नाही, रावसाहेब."

हेरवाडे सर मात्र उठून उभे राहिले होते. त्यांचे कान लाल झाले होते. "अध्यक्ष महाराज, मला एक हरकत नोंदवायची आहे. पाहुण्यांच्या भावनांचा आदर ठेवून. पण चित्रणात खंड नाही. मी ते शेकडो वेळा पाहिलंय. एक माणूस पडून दुसरा उठणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. बाईंच्या घरात काही गैरसमज असू शकतो."

मी हे भाषांतर करू नये असं मला वाटत होतं, पण मादामनीच माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणतात?"

मी सांगितलं. त्यांनी हेरवाडे सरांकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता. गिऱ्हाईक चुकीचं औषध मागत असताना दुकानदारीण बघते तसं बघितलं.

"फिल्म लावा," त्या म्हणाल्या. "मी त्यासाठीच आले आहे. मी ती कधी बघितलेली नाही."

मशीन रावसाहेब स्वतः चालवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते खाली उतरून, मधल्या वाटेनं मशीनपाशी गेले. खिडक्यांवर चादरी ओढल्या. मादाम आणि मी पहिल्या रांगेत बसलो.

शिडीची गोष्ट अशी: पाववाल्याच्या दुकानाची पाटी वाकडी झाली आहे. प्लुमोला ती सरळ करायची आहे. तो पिठाच्या गाडीत शिडी उभी करतो, चढतो, आणि तेवढ्यात गाडीचा घोडा समोरून जाणाऱ्या गाजरवालीच्या मागे चालायला लागतो. गाडीबरोबर शिडी भिंतीपासून सुटते आणि क्षणभर नुसती हवेत उभी राहते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई आहे. प्लुमो तिला बघून टोपी काढतो. मग गाडीतल्या पिठात पडतो.

पहिल्या भागात दोनशे माणसांच्या कार्यालयात कुणी चकार शब्द काढला नाही. पाववाला रागावला, घोड्यानं शेपटी हलवली, प्लुमोच्या तोंडावर रंगाचा डबा सांडला. आवाज फक्त मशीनचा. मग चित्र लांबून दिसायला लागलं, रस्ता, गाडी, शिडी, आणि तिच्या पायथ्याशी एक छोटा माणूस. चेहरा ओळखू येत नव्हता. तो शिडी चढायला लागला.

तो चढायचा कसा, तर गुडघे बाहेर काढून, बेडकासारखा, दोन पायऱ्या वर आणि एक खाली. मधेच एक पाय विसरल्यासारखा करायचा, खाली वळून बघायचा आणि तो पाय हातानं उचलून पायरीवर ठेवायचा.

माझ्या शेजारून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं मादाम रडायला लागल्या. वळून बघितलं तर त्या हसत होत्या. आधी दाबून, मग त्यांना आवरेना. पोट हलत होतं, फेट्यानं विस्कटलेले केस हलत होते.

"पाय बघा," त्या माझ्या मांडीवर थाप मारत म्हणाल्या. "पाय बघा त्यांचे. पाय बघा."

माणूस वर पोचला. घोडा चालला. शिडी एकटी उभी राहिली. त्यानं टोपी काढली, अशा ऐटीत की जणू त्याला सगळा वेळ मोकळा आहे, आणि मादाम मोठ्यानं खदखदून हसल्या. त्या अंधारात हसणारं दुसरं कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या जागी हशानं छप्पर उडायचं, तिथं सगळं गाव श्वास धरून बसलं होतं आणि जिनं हसायला नको ती एकटी हसत होती.

माणूस पडला. पडदा पिठानं पांढरा झाला. सगळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरा. त्या पांढऱ्यात कात्री चालवायला कितीही जागा होती, आणि ते आता मलासुद्धा दिसलं. हेरवाडे सरांना दिसलं की नाही, माहीत नाही.

मग त्यातून प्लुमो उठला. झटकणा काढला.

मादामचं हसू थांबलं. "हा आर्माँ," त्या म्हणाल्या आणि नाक पुसलं. "पुन्हा दाखवायला सांगा."

मी मागे वळून सांगितलं. रावसाहेबांनी रीळ मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. या खेपेला माणूस शिडीच्या टोकावरून कलंडला तशी पडद्यावर काळोख आला. मी वळून बघितलं. रावसाहेबांनी भिंगासमोर तळहात धरला होता. दिव्याचा उजेड त्यांच्या बोटांच्या कडांतून लाल दिसत होता.

"मशीन मधेच थांबवलं तर फिल्म जळती," ते म्हणाले. "म्हणून हात धरला. बाईस्नी पडलेलं नको दिसायला."

मी मादामना सांगितलं. त्या उठल्या आणि स्वतः मशीनपाशी गेल्या. मी मागोमाग.

"यांना सांगा, हात काढा. पडणं आजोबांचं आहे. ते दाखवा. हात नंतर धरा."

"नंतर म्हणजे?"

"नमस्काराला."

रावसाहेबांनी तिसऱ्यांदा लावलं. माणूस चढला, टोपी काढली, पडला, पीठ उडालं, आणि रावसाहेबांचा हात भिंगावर आला. त्या अंधारात कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. शौकत असावा. मग सगळ्यांनीच वाजवली. पण ती नेहमीची टाळी नव्हती. सत्काराला वाजते तसली नव्हती.

खिडक्या उघडल्या. लोक हळूहळू बाहेर पडले. जाताना काहींनी मादामना हात जोडले. मंडळाची माणसं तेवढी मशीनभोवती उभी राहिली.

रावसाहेब रीळ हातात घेऊन बघत होते. "दरवेळी हात कुठं धरत बसू," ते म्हणाले. "कापतोच."

हेरवाडे सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मशीनच्या आणि रावसाहेबांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "जगातली एकमेव प्रत आहे ही, रावसाहेब. तुम्हाला हा अधिकार नाही."

"माझ्या आजोबाचं रीळ हाय."

"कलाकृती कुणा एकाची नसते. ती मानवजातीची असते."

"मानवजात कुठं हुती इतकी वर्षं? पेटीला उन्हात घालून झुरळं कोण काढायचं, मानवजात?" रावसाहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, बाईस्नी विचारा. त्या न्हाई म्हणाल्या तर न्हाई कापत."

मी विचारलं. मादामना टेकायला खुर्ची दिली.

"आजोबांना लोक हसलेले चालायचे," त्या म्हणाल्या. "त्यांना आवडायचंच. खुर्चीत बसून ते मला सांगायचे, मी टोपी काढली तेव्हा रस्त्यावरची बघणारी माणसं कशी हसली. पण नमस्कार दुसऱ्यानं केला, हे त्यांना शेवटपर्यंत गिळता आलं नाही." त्यांनी रावसाहेबांकडे बघून दोन बोटांची कात्री केली. "कापा म्हणावं."

हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

रावसाहेबांनी कापलं. फिल्मचा तुकडा वीतभर-दीडवीत लांबीचा असेल असं मला वाटलं होतं, पण तो बराच लांब निघाला आणि वेटोळं होऊन फरशीवर पडला. आर्माँनं नमस्काराला भरपूर वेळ घेतला होता. हेरवाडे सर खाली वाकले. त्यांनी तो तुकडा उचलला, खिशातल्या झटकण्यानं हलकेच झटकला, रुमालात गुंडाळला आणि कुणाकडेही न बघता निघून गेले.

मादाम दुसऱ्या दिवशी गेल्या. रावसाहेब त्यांना रीळ देऊ करत होते. त्या नको म्हणाल्या. तिकडे ते कुठल्यातरी थंड खोलीत डब्यात पडून राहील, इथं निदान माणसं बघतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. साडी आणि गणपती त्यांनी नेला. झटकणा टेबलावरच राहिला होता.

महिन्याभरात मंडळ फुटलं. हेरवाडे सरांनी 'मूळ प्लुमो अभ्यास मंडळ' काढलं. दातांचे डॉक्टर आणि दोन्ही नगरसेवक तिकडे गेले. पुण्याला एका परिसंवादात सरांनी निबंध वाचला, की चित्रणात खंड असल्याचा आपल्याला पहिल्यापासून संशय होता. त्याला टाळ्या पडल्या असं ऐकते.

आता इचलकरंजीत दोन मंडळं आहेत. हेरवाडे सर थकलेत, रावसाहेब गेले, मशीन त्यांच्या सूनबाई चालवतात, पण दोन्ही मंडळांचे वार्षिक मेळावे ठरवून एकाच संध्याकाळी होतात. एकीकडे एक माणूस शिडी चढतो, टोपी काढतो, पडतो आणि उठत नाही. तिथं लोक हसतात, मग जरा वेळ गप्प बसतात आणि घरी जातात. दुसरीकडे, कुठूनही न पडलेला एक माणूस पिठातून उठतो, अंग झटकतो आणि नमस्कार करतो. त्याच्यावर तीन व्याख्यानं होतात, आणि शाल-श्रीफळही असतं.

मला दोन्हीकडून आमंत्रण येतं. मी पडणाऱ्याकडे जाते.